मालवण-वेंगुर्ल्याची फिल्म करायचीय, पण टुरिझमच्या जाहिरातीसारखी नको. काय शूट करू?

रानजाई

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

डिसेंबरात मी आणि माझी मावसबहीण मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी असा पट्टा फिरणार आहोत, घाई अजिबात नाही, सुट्टी चांगली लांब मिळालीय. तिथली एक दहा-बारा मिनिटांची फिल्म करायचं मनात आहे. व्लॉग नाही, फिल्म. तयारी म्हणून यूट्यूबवर कोकणाचे मिळतील तेवढे व्हिडिओ बघतेय आणि आता अशी वेळ आलीय की पुढचा व्हिडिओ न बघताच सांगता येतो. ड्रोनवरून सिंधुदुर्ग किल्ला, मग तारकर्लीचं निळं पाणी, मग सुरमई थाळीचा वरून घेतलेला शॉट, सोलकढी, स्कूबा, सूर्यास्त, आणि मागे बासरी. छान दिसतं सगळं, पण यात मालवण कुठंय? आवाज बंद केला तर हेच फुटेज केरळचं म्हणूनही चालून जाईल.

मला असं काहीतरी करायचंय की तिथल्या माणसाने बघितलं तर तो म्हणेल हो, हे आमचं गाव. त्यासाठी नेमकं काय शूट करायचं, किती ठिकाणं घ्यायची, व्हॉइसओव्हर द्यावा की नाही, लोकांशी बोलायचं तर कॅमेरा कधी काढायचा, सगळंच विचारतेय. सामान म्हणाल तर एक मिररलेस कॅमेरा, एक झूम लेन्स, एक लेपल माईक, फोन, आणि मैत्रिणीचा छोटा ड्रोन मिळू शकतो.

कातरवेळ

ताई, मी एडिटिंग करतो, डॉक्युमेंट्रीचं बरंच काम हाताखालून गेलंय, त्यामुळे टाइमलाइनवर काय टिकतं आणि काय पडतं ते सांगतो.

ठिकाणांची यादी बाजूला ठेवा. एक काम धरा आणि ते सुरू होतं तिथपासून संपतं तिथपर्यंत शूट करा. दहा-बारा मिनिटांत अशी दोन कामं बसली तरी भरपूर झाली. गावाचा स्वभाव देखाव्यात नसतो हो, तिथली माणसं कुठल्या वेळेला काय करतात आणि ते कसं करतात यात असतो. समुद्र सगळीकडे आहे, पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं सगळीकडे नाहीत.

रापणीचंच उदाहरण घ्या. बहुतेक व्हिडिओत रापण म्हणजे पाच-सात सेकंद, जाळं किनाऱ्याला आलेलं, मासे उड्या मारतायत, पुढचा शॉट थाळी. पण ते शेवटचं टोक झालं. त्याआधी होडी जाळं टाकत अर्धगोल मारून परत किनाऱ्याला येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन टोळ्यांच्या हातात असतात, आणि या दोन टोळ्या सुरुवातीला एकमेकांपासून इतक्या लांब उभ्या असतात की एका फ्रेममध्ये मावत नाहीत. मग ओढणं सुरू. टाचा वाळूत रुतवून मागे मागे चालायचं, सगळ्यात मागचा माणूस दोर सोडतो, चालत पाण्याकडे जातो आणि परत सगळ्यात पुढे दोर धरतो. हे चक्र कितीतरी वेळ चालतं. जाळं जसं जवळ येतं तशा दोन्ही टोळ्या एकमेकांकडे सरकत येतात. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, वाइड फ्रेम लावा आणि हात लावू नका, त्या टोळ्या आपोआप फ्रेममध्ये चालत येतील. मग पाय, हात, दोराचा पीळ, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. मग मासळीचे वाटे पडतात ते. वाटे कोण घालतं, बाकीचे कसे गोल करून उभे राहतात, कुणाची नजर कशावर असते, यात तुम्हाला अख्खं गाव दिसेल, आणि हा भाग कुणी शूटच करत नाही कारण तोवर पर्यटक मासे बघून हॉटेलवर गेलेले असतात.

दुसरं, शॉट लांब घ्या. आपल्याला वाटतं झालं, त्यानंतर अर्धा मिनिट तरी कॅमेरा चालू ठेवा. माणूस कॅमेरा विसरतो तो त्या अर्ध्या मिनिटात.

कोमल_निषाद

कातरवेळ यांच्याशी सहमत, पण आवाजाचं कुणी बोलणार नाही म्हणून मीच बोलते.

तुम्ही लिहिलंय आवाज बंद केला तर केरळ वाटेल. मग उलटं करून बघा ना. चित्र बंद करा आणि नुसत्या आवाजावरून मालवण ओळखता आलं पाहिजे. हे जमलं तर तुमची निम्मी फिल्म झाली. धक्क्यावर मासळीचा लिलाव चालतो त्याचा आवाज, बोली लावण्याची ती लय. देवळात गाऱ्हाणं घालतात, एक माणूस म्हणत जातो आणि बाकीचे सगळे एकदम "व्हय म्हाराजा" म्हणतात, ते ऐकून अंगावर काटा येतो आणि तसं दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही. सावंतवाडीला चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीत, जाल तर लाकूड लेथवर चढवल्याचा आवाज. माडाच्या झावळ्यांत वारा वेगळा वाजतो आणि सुरूच्या बनात वेगळा, दोन्ही एकाच किनाऱ्यावर मिळतात.

कॅमेऱ्याच्या आतल्या माईकवर यातलं काहीही नीट येणार नाही, समुद्रावरचा वारा सगळं खाऊन टाकतो. एक छोटा रेकॉर्डर भाड्याने घ्या, त्याला केसाळ विंडशील्ड लावाच, लेपल माईकला पण ते छोटं मिळतं. आणि जिथे जिथे शूट कराल तिथे निघण्याआधी एक मिनिट कुणीही न बोलता नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा. एडिटच्या वेळी दोन शॉट जोडताना हाच आवाज खालून धावतो आणि जोड कळत नाही.

मागे संगीत लावायचं असेल तर शेवटच्या क्रेडिटला लावा. मध्ये बासरी आली की प्रेक्षकाला कळतं आता निसर्ग बघायचाय आणि तो बघणं सोडून देतो.

दर्यावर्दी

मी देवबागातलो. वरचे दोन्ही रिप्लाय वाचून बरं वाटलं.

रापण बघूची आसा तर पयलो नियम, कॅमेरो पिशयेत ठेवा आणि येवन बसा. कोणतरी इचारतलोच, खंयसून इलास? मग बोलणं सुरू होतं. दोराक हात लावा थोडो येळ. पुढचं आता प्रमाण मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.

रापणीला ठरलेली वेळ नसते. समुद्र, वारा, मासळीची चाहूल बघून ठरतं, कधी पहाटे कधी दुपारी, आणि कधी दिवसच्या दिवस जाळं पाण्यात जात नाही. म्हणून मालवणात हॉटेल घेऊन रोज गाडीने येऊ असं करू नका, किनाऱ्यावरच्या घरात खोली घ्या. कधीकधी जाळ्यात काहीही येत नाही, तेव्हा पण शूट करा. तारली, पेडवे, बांगडे भरभरून आले तर सगळे खूश असतात, पण रिकामं जाळं ओढून आणल्यावर माणसं काय करतात ते बघा, तेच आमचं रोजचं आयुष्य आहे.

आणि एक विनंती, रापण नुसती "पारंपरिक आणि सुंदर" म्हणून दाखवू नका. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन (मोठ्या घेरणाऱ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी) यांचा वाद इथे वर्षानुवर्षं चालू आहे. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर त्याचीच चर्चा असते. रापणकरांच्या बाजूला बसलात तर दहा मिनिटांत हा विषय निघणार. तो कापू नका. १९९७ साली आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर घराघरात न्याहारी-निवास आला, होड्या स्कूबाला गेल्या, पोरांना पैसे मिळाले हे खरंच चांगलं झालं, मी पण त्यातलाच. एकाच घरात बाप रापणीला आणि मुलगा स्कूबाला असं आहे. गावाचा स्वभाव म्हणाल तर हे दोन्ही आलं पाहिजे. नुसता बाप दाखवलात तर म्युझियम होईल, नुसता मुलगा दाखवला तर जाहिरात.

नकाशावाला

थोडा वेगळा सूर लावतो.

ड्रोन किंवा व्हॉइसओव्हर आधीच सरसकट वाईट ठरवू नये असं मला वाटतं. देवबागचंच घ्या. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मधे माडांची अरुंद पट्टी आणि त्या पट्टीवर अख्खं गाव. हे जमिनीवरून कळतच नाही. पावसाळ्यात समुद्र आत येतो तेव्हा तिथल्या लोकांना भीती का वाटते हे समजायला तो एक वरचा शॉट लागतो. तर ड्रोन वापरा, पण काहीतरी सांगायला वापरा. एकच शॉट, स्थिर, पंधरा-वीस सेकंद.

नियमाचं मात्र बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला बऱ्याच सवलती आहेत, पण झोन सगळ्यांनाच लागू होतात, आणि चिपीचा विमानतळ खाडीच्या पलीकडेच आहे, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर झोन बघितल्याशिवाय उडवू नका. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे ड्रोनला आणि ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, हे घरून निघण्याआधीच बघून ठेवा.

आणि किल्ला अगदीच टाळू नका ना. १६६४ ला बांधायला घेतला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा मराठा किल्ले गेले त्यात तो आहे, ही माहिती कुठेही मिळेल. पण किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात हे किती व्हिडिओत येतं? चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात. तिथे राहणाऱ्या बाईला विचारा किराणा कसा आणता, पोरं शाळेत कशी जातात. किल्ल्याचा इतिहास सांगणारे शेकडो आहेत, किल्ल्यातलं घर दाखवणारे फार थोडे.

रानजाई

बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार.

दर्यावर्दी दादा, तुमचं बाप आणि मुलगा हे वाक्य वाचल्यापासून डोक्यात तेच चालू आहे. देवबागला राहायचं नक्की केलं. दुसरं काम म्हणून मला दशावतार, म्हणजे तिथलं जत्रेतलं लोकनाट्य, घ्यायचाय, डिसेंबरात जत्रा चालू असतात ना? रात्रभर चालतो असं ऐकलंय. पण रात्रीच्या उजेडात शूट कसं करायचं, आणि रंगभूषा करत असताना आत जाऊन शूट केलेलं चालतं का?

कातरवेळ

दशावतार घेताय, उत्तम. आधी तांत्रिक उरकतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर जत्रेतल्या दिव्यांत पट्टे येतात. काही स्वस्त एलईडी माळा तरीही फडफडतात, तिथे १/१०० करून बघा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, रंगमंचावर पिवळा हॅलोजन आणि बाजूच्या दुकानात पांढरी ट्यूब असते, कॅमेरा वळवला की चेहऱ्याचा रंग बदलतो. उजेड कमी म्हणून स्वतःचा लाईट लावू नका, तो एकदा लागला की सगळं वातावरण गेलं.

आता खरं सांगायचं ते. रंगमंचावर जे असतं ते एक पडदा, पेटी, पखवाज, झांज आणि एक लाकडी बाकडं. तेच बाकडं राजाचं सिंहासन, तेच ऋषीचं आसन, राक्षस त्याच्यावर पाय आपटून लढाईला निघतो. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान कुठलं ते ठरतं आणि बाकी सगळं तिथल्या तिथे. म्हणून तुकडे तुकडे शूट करू नका. एक प्रवेश निवडा आणि तो अख्खा घ्या. एक नट बोलतो तेव्हा दुसरा त्याच्या तोंडाकडे बघत पुढचं वाक्य मनात जुळवत असतो, ते त्याच्या डोळ्यांत दिसतं. क्लोजअप लावाल तर बोलणाऱ्यावर नको, ऐकणाऱ्यावर लावा.

आणि प्रेक्षक. मांडीवर झोपलेलं पोर, गोधडी घेऊन आलेल्या आज्या, मागे खाजा विकणारी बाई. संकासूर (राक्षसाचं पात्र) आला की मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, बसलेले सगळे कसे हलतात ते समोरून घ्या, नटांच्या बाजूने. पहाटेपर्यंत थांबा. रात्री दोनला हॉटेलवर गेलात तर दहीहंडी फोडतात ते हुकेल, आणि तोवर जे जागे राहिलेत त्यांचे चेहरे पण.

कोमल_निषाद

आवाजाचं माझं ठरलेलंच. भोंग्यातून येणारा आवाज फाटका येतो, म्हणून रेकॉर्डर पेटीवाल्याच्या जवळ ठेवायची परवानगी मागा, साऊंडवाल्याकडे मिक्सर असेल तर त्यातून लाइन घ्या आणि रेकॉर्डर वेगळा चालू ठेवा. पखवाजाची थाप अचानक मोठी येते, लेव्हल खालीच ठेवायची, -१२ डीबीच्या आसपास. नंतर वाढवता येते, फाटलेली शिवता येत नाही.

दर्यावर्दी

आतल्या शूटबद्दल मी सांगतो.

कंपनीच्या मालकाला दुपारीच भेटा, रात्री नको. देवळाच्या बाजूला ओवरीत किंवा शाळेच्या खोलीत मंडळी उतरलेली असतात, आधीच्या रात्रीच्या नाटकाची झोप काढत असतात, त्यांना उठवायचं नाही. चहाच्या वेळेला जा. पेटाऱ्याची पूजा होते त्याच्या आसपास चपला घालून फिरू नका. रंगायला बसले की प्रत्येकजण आपलं आपणच रंगतो, ट्रंकेवर बसून गुडघ्यांत आरसा धरतो, मोबाईलची बॅटरी लावून ठेवतो, आणि दाढी घोटलेल्या गालावर सफेदा चढत जातो तसा माणूस गप्प होत जातो. स्त्रीपार्टी नट नऊवारी नेसतो तेव्हा आधी विचारा. बहुतेकजण हो म्हणतात, एखादा नको म्हणतो, नको म्हणाला की विषय संपला. त्याच्याशी हुज्जत घालून, चोरून फोनवर घेऊन, नंतर "दुर्मिळ क्षण" म्हणून टाकणारे येऊन गेलेत, त्यामुळे मंडळी आता सावध असतात.

गाभाऱ्यात कॅमेरा नाही. कुणाला अवसार आला, म्हणजे अंगात आलं, तर कॅमेरा खाली करा, ती बघणाऱ्याची गोष्ट नाही. मानकऱ्यांना विचारल्याशिवाय देवळाच्या आवारात काहीच सुरू करू नका, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला मान कुणाचा ते ठरलेलं असतं, चुकीच्या माणसाची परवानगी घेतलीत तर बरोबर माणूस नाराज होतो.

आणि पैसे. नाईट, म्हणजे एका रात्रीच्या खेळाची बिदागी, कितीची असते, त्यात नटाला किती मिळतात ते विचारलंत तर मोकळेपणाने सांगतील. तुमची फिल्म पुढे कुठे विकली गेली किंवा यूट्यूबवर चालली तर कंपनीला काहीतरी द्या, आणि द्यायचं ते आधी बोलून ठेवा. फिल्म झाली की लिंक नुसती पाठवू नका, शक्य असेल तर पुढच्या जत्रेला येऊन दाखवा, मांडावर पडदा लावायची सोय आम्ही करू.

नकाशावाला

दशावतारासोबत पिंगुळी पण बघून घ्या, कुडाळच्या अगदी जवळ. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. वेळ असेल तर वेगळी फिल्म करा, या फिल्ममध्ये कोंबू नका. हेच शिरोड्याच्या मिठागरांबद्दल. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, जागा विलक्षण आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

व्हॉइसओव्हरचं माझं मत अजून तेच आहे. देवबागची पट्टी, पर्ससीनचा वाद, किल्ल्यातली कुटुंबं, यातलं काही नुसत्या चित्रावरून बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

रानजाई

पटतंय, पण मग कोण बोलणार? मी बोलले तर पुण्याची मुलगी कोकण समजावून सांगतेय असं होईल, ते मला नकोय. आणि मालवणीत बोलणारी माणसं घेतली तर विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना कळेल का?

कातरवेळ

तुम्ही बोलूच नका. रापणकरालाच बोलू दे. पण कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसवून "तुमचा अनुभव सांगा" म्हणू नका, त्याने माणूस भाषण करायला लागतो. जाळं दुरुस्त करायला बसलेले असतील तेव्हा लेपल लावा आणि बाजूला बसा, हात चालू असले की तोंड मोकळं चालतं. साधे प्रश्न विचारा. आज कुठली मासळी आली, हे जाळं कधीचं, होडीत वाटा किती जणांचा, मुलगा काय करतो. वादाचा विषय त्यातून आपोआप येईल, दादांनी वर लिहिलंच आहे. मग हा नुसता आवाज काढून ओढण्याच्या शॉटवर टाका, व्हॉइसओव्हर तयार. मालवणी तशीच ठेवा आणि खाली मराठी सबटायटल द्या, डबिंग तर अजिबात नको. सबटायटल लिहून झाली की दर्यावर्दींकडून तपासून घ्या.

जी माहिती कुणाच्याच तोंडून येणार नाही, म्हणजे २०१७ ची बंदी वगैरे, ती काळ्या पट्टीवर दोन ओळींत. आणि स्क्रिप्ट आत्ता लिहू नका. सगळं फुटेज घरी येऊ दे, बघा, माणसं काय बोललीत ते कागदावर उतरवून काढा, मग ठरवा.

दर्यावर्दी

सबटायटल बघून देतो, खुशाल पाठवा. जत्रांच्या तारखा गावागावांच्या तिथीप्रमाणे असतात, एकाच रात्री आजूबाजूच्या दोन-तीन गावांत पण असतात, तर तुमचे दिवस ठरले की इथेच कळवा, तेव्हा कुठली कंपनी कुठल्या मांडावर आहे ते विचारून सांगतो. कॅमेऱ्याला खारी हवा लागते, रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसा आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. राहायची खोली लवकर बुक करा, नाताळाच्या आठवड्यात देवबागात पाय ठेवायला जागा नसते आणि भाडं दुप्पट होतं, जमलं तर त्याच्या आधीच येवा.